सैमूरला जाणाऱ्यांसाठी

चौलचं सगळ्यात जुनं वर्णन चौलच्या माणसानं लिहिलेलं नाही. दुसरं नाही, तिसरं नाही, अगदी दहावंही नाही. दोन हजार वर्षांत या गावाबद्दल ज्यांनी ज्यांनी लिहिलं ते बहुतेक सगळे बाहेरचे. कुणी माल घेऊन आलेले, कुणी घोडा विकायला निघालेले, एकाला तर कैदी म्हणून नेत होते. गावातले लोक मात्र गप्प. लिहिता येत नव्हतं असं म्हणावं, तर कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलहून, म्हणजे चौलहूनच, आलेल्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत. म्हणजे दान केलं की ते दगडावर नोंदवून ठेवण्याइतके ते व्यवहारी होते. पण आपलं गाव कसं आहे, हे लिहून ठेवावं असं त्यांना वाटलं नसावं. स्वतःच्या घराचा पत्ता कोण स्वतःला सांगत बसतो?

आज अलिबागहून रेवदंड्याच्या एसटीनं निघालं की नागाव मागे पडतं आणि चौल सुरू होतं. सुरू होतं म्हणजे काय, तर माडा-पोफळींच्या वाड्या दाट होतात, कुंपणांवर ‘घरगुती जेवणाची सोय’ अशा पाट्या दिसू लागतात आणि मुंबई-पुण्याच्या गाड्या वेग कमी करून समुद्र नेमका कुठल्या हाताला आहे याचा अंदाज घेऊ लागतात. इथं शहर होतं याची रस्त्यावरून एकही खूण दिसत नाही. आणि तरी मुंबईच्या बेटांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं त्या काळात या शहराचं नाव इजिप्तच्या आणि इराणच्या खलाशांना पाठ होतं.

माझं आजोळ इथलं. मामेभावानं वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत. त्याचं म्हणणं असं की येणारा प्रत्येक जण तेच तेच विचारतो, तेव्हा एक पान लिहून दे, लॅमिनेट करून प्रत्येक खोलीत लावतो. काय बघायचं, कसं जायचं, काय खायचं. “दादा, तुझं वाचन आहे, तुला काय, अर्ध्या तासाचं काम.” मी म्हटलं, लिहायच्या आधी पूर्वीच्यांनी कसं लिहिलंय ते तरी बघू. म्हणून मुंबईचे गोवेकर डॉक्टर गर्सन द कुन्हा यांचं चौल आणि वसईवरचं १८७६चं पुस्तक काढलं, मग १८८३चं कुलाबा गॅझेटियर काढलं, आणि त्यांत एकामागून एक असे जुने पाहुणे भेटत गेले, की मामेभावाचं पान राहिलं बाजूला.

पहिला पाहुणा अनामिक आहे. इ. स.च्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापारी खलाशानं तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची वही लिहिली, तिला आपण ‘पेरिप्लस’ म्हणतो. कल्याणनंतर दक्षिणेकडे जाताना पहिलं नाव येतं ते सेमिल्ला. बस्, नाव आणि पुढे चला. कल्याणवर तो खर्च करतो तेवढी शाईसुद्धा चौलच्या वाट्याला नाही. पुढच्या शतकातल्या टॉलेमीनं सिमिल्लाहून परतलेल्या व्यापाऱ्यांकडून ऐकून लिहिलं. तिथले लोक या गावाला तिमुला म्हणतात, हेही त्यानं नोंदवलं आहे. अलेक्झांड्रियात बसून कोकणातल्या एका गावाचा उच्चार दुरुस्त करून घेणारा हा माणूस मला आवडतो.

मग मध्ये शिलाहार येतात. त्यांचा एक ताम्रपट खारेपाटणला सापडला, शके १०१६चा, म्हणजे इ. स. १०९४चा. अनंतदेव राजा त्यात दोन श्रेष्ठी बंधूंच्या गलबतांना ठाणं, शूर्पारक, चेमुल्य वगैरे बंदरांत जकात माफ करतो. हे दोघे भाऊ राजाचे मंत्रीच होते. जकात कुणाला माफ होते याबाबतीत नऊशे वर्षांत फारसा फरक पडलेला नाही, एवढं सांगून मी पुढे जातो. कारण खरा पाहुणा याच्याही आधी येऊन गेलेला आहे.

त्याचं नाव अल-मसूदी. मूळचा बगदादचा, सगळं आयुष्य फिरण्यात घालवलेला. हिजरी ३०४ साली, म्हणजे इ. स. ९१६च्या सुमारास, तो सैमूरला आला. सैमूर म्हणजे चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा इथं शिलाहार झंझ राज्य करत होता आणि त्याच्या डोक्यावर राष्ट्रकूटांची सत्ता होती, जिला अरब ‘बल्हरा’ म्हणजे वल्लभराज म्हणून ओळखत. मसूदी लिहितो की सैमूरला सुमारे १०,००० मुसलमान राहत होते. इराणच्या किनाऱ्यावरच्या सिराफ बंदराचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, शिवाय इथंच जन्मलेले. इथंच जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ म्हणत. दहा हजार हा आकडा त्यानं मोजून घेतला असेल असं नाही, पण अर्धा सोडला तरी पाच हजार उरतात, आणि त्या काळच्या कोकणात पाच हजार परदेशी म्हणजे थट्टा नव्हे.

मला त्या आकड्यापेक्षा पुढची ओळ महत्त्वाची वाटते. या सगळ्या लोकांवर एक प्रमुख असे, त्याला ‘हुनरमन’ म्हणत. तो त्यांच्यातलाच एक मुसलमान, पण नेमणूक करायची हिंदू राजानं. आपसातले तंटे त्यांच्या रिवाजाप्रमाणे तो सोडवणार. दहाव्या शतकातल्याच दुसऱ्या एका अरबी पुस्तकात, बुझुर्ग बिन शहरियारनं जमवलेल्या खलाशांच्या गोष्टींत, सैमूरच्या अशा एका हुनरमनचं नावही आहे: अब्बास बिन माहान, सिराफचा. खलाशांच्या गप्पांमध्ये नाव यावं इतका तो ओळखीचा असणार. बंदरात उतरल्यावर भांडण झालं तर कुणाकडे जायचं, ही माहिती प्रवाशाला देवळं-मशिदींच्या यादीआधी हवी असते, आणि जुन्या वर्णनांत ती आधी येते. आजच्या माहितीपत्रकांत सूर्यास्त आधी येतो.

आता इथून जरा लांब जावं लागेल, कारण सैमूर हे एका लांबलचक रस्त्यावरचं मधलं ठाणं होतं आणि त्या रस्त्याचं टोक चीनमध्ये होतं. सिराफहून निघालेलं गलबत हिंदुस्थानचा किनारा गाठी, केरळातल्या कोल्लमला पाणी भरी, आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीतून शेवटी खानफूला लागे. खानफू म्हणजे आजचं ग्वांगझू, ज्याला परवापरवापर्यंत आपण कँटन म्हणत होतो. या खानफूचंही एक वाटाडं पुस्तक आहे. इ. स. ८५१चं, अरबीच, चीन आणि हिंदच्या बातम्या सांगणारं. व्यापाऱ्यानं व्यापाऱ्यासाठी लिहिलेलं असल्यामुळे त्यात एक ओळ वाया गेलेली नाही. खानफूला घरं लाकडाची आणि बांबूच्या तट्ट्यांची, त्यामुळे आगी फार लागतात, माल जपा. गलबत लागलं की सरकारी माणसं तुमचा सगळा माल ताब्यात घेऊन वखारीत कुलूपबंद करतात, आणि त्या मोसमातलं शेवटचं गलबत येईपर्यंत, सहा महिने म्हणा, तो तिथंच राहतो. मग दहा भागांतले तीन भाग सरकार ठेवून घेतं आणि उरलेला माल परत देतं. सरकारला जे हवं असतं ते मात्र रोख आणि चढ्या भावानं घेतात, अन्याय करत नाहीत, असंही तो सांगतो. तीस टक्के ऐकून पोटात गोळा आलेल्या वाचकाला त्यानं लगेच धीर दिला आहे.

आणि तिथंही तीच व्यवस्था. खानफूच्या मुसलमानांचे तंटे सोडवायला चिनी राजानं एका मुसलमानाचीच नेमणूक केलेली. ईदला नमाजही त्यानंच पढवायची. म्हणजे एकाच सागरी रस्त्यावरच्या दोन बंदरांनी, एकमेकांना कधीही न बघता, परक्या माणसाचं काय करायचं या प्रश्नाचं एकच उत्तर काढलं होतं. परक्याला आपल्यासारखं व्हायला लावू नका, त्याच्यातलाच एक जबाबदार माणूस शोधून त्याच्याकडून काम करून घ्या. यात उदारपणा किती आणि हिशेब किती, हे वेगळं काढणं कठीण आहे. बंदर चालायचं तर व्यापाऱ्याला झोप लागली पाहिजे, इतकं साधं असावं. हिशेब चुकला की काय होतं तेही खानफूनंच दाखवलं. ८७८-७९च्या सुमारास ह्वांग चाओ नावाच्या बंडखोरानं ते शहर लुटलं, आणि सिराफच्या अबू झैदच्या लिहिण्याप्रमाणे तिथले मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती आणि पारशी मिळून १,२०,००० परदेशी कापले गेले. त्यानंतर कित्येक वर्षं अरब गलबतं चीनपर्यंत जाईनात, अर्ध्या वाटेवर मलायाच्या बाजूला चिनी गलबतांना गाठून माल बदलू लागली.

आमच्या आळीतला एक मुलगा नुकताच त्या ग्वांगझूला जाऊन आला. तिथं वर्षातून दोनदा मोठा व्यापारी मेळा भरतो, १९५७पासून. हा गेला होता बर्फ करायच्या यंत्राचा भाव काढायला. (मासळीच्या धंद्यात मासळीपेक्षा बर्फाचं राजकारण जास्त असतं, हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे.) परत आल्यावर नाक्यावर त्याच्याभोवती घोळका. त्यानं सांगितलेलं ऐकून मला हसू येईना, कारण ते ८५१च्या पुस्तकासारखंच होतं. नोटा काढल्या तर दुकानदार बावरतो, सगळं मोबाइलवर, तेव्हा ते ॲप इथूनच घालून न्या. आपला नेहमीचा नकाशा तिथं उघडत नाही. हॉटेलात शिरल्या शिरल्या पासपोर्ट घेतात आणि पोलिसांकडे नोंद करतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. हे शेवटचं ऐकून मी त्याला म्हटलं, बाराशे वर्षांपूर्वीही चीनमध्ये प्रवासाला निघालं की दोन कागद लागत, एकावर माणसाचं नाव, वय आणि बरोबर कोण आहे ते, दुसऱ्यावर त्याच्याजवळचा माल आणि पैसा. तो म्हणाला, “काका, मग बरोबर आहे. सवय आहे त्यांना.” त्याच्या बोलण्यात एकही बघण्यासारखं ठिकाण आलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, उंच टॉवर आहे एक, लांबून दिसला.

चौलला आलेल्या सगळ्या पाहुण्यांत सगळ्यात भाबडा म्हणजे अफानासी निकितीन. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गेवर लुटला गेला, कर्जात बुडाला, परत जाण्यात अर्थ नव्हता म्हणून पुढेच येत राहिला. १४६९च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन तो गलबतातून निघाला आणि चिवीलला, म्हणजे चौलला, उतरला. हिंदुस्थानात घोड्यांना सोन्याचा भाव येतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच्या पहिल्या नोंदी वाचून आपण ओशाळायचं की हसायचं, हे ठरत नाही. इथले लोक उघडेच फिरतात, डोकीही उघडी, केसांची एक वेणी. आणि मी जाईन तिथं माणसांचा घोळका माझ्या मागे, गोऱ्या माणसाला बघायला. पाहुणा गाव बघायला आला आणि गावानंच त्याला बघून घेतलं. चौलच्या लोकांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं नाही म्हणतात, पण निकितीनच्या या ओळीत ते पहिल्यांदा बघणारे म्हणून दिसतात. त्याच्या मागे चालणारी ती पोरं कुणाच्या वाडीतली असतील, असा विचार मी करतो आणि मग सोडून देतो.

चौलहून तो पालीला गेला, आठ दिवसांच्या चालीनं. मग उमरी, मग जुन्नर. जुन्नरला पावसाळा काढला आणि तिथला अंमलदार असदखान यानं त्याचा घोडा काढून घेतला. घोडा परत हवा असेल तर मुसलमान हो, अशी अट आणि चार दिवसांची मुदत. एक खुरासानी ओळखीचा मध्ये पडला म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही. पुढे त्यानं स्वदेशातल्या व्यापाऱ्यांना जो सल्ला लिहून ठेवला तो कुठल्याही माहितीपत्रकाला लाजवील असा आहे. तिकडे आपल्याकडे खपेल असा भरपूर माल मिळतो असं मला सांगणारे खोटं बोलले; आपल्या मुलखाला उपयोगी असं तिथं काही नाही; मिरी आणि रंग स्वस्त, पण जकाती भारी आणि समुद्रावर चाचे फार. हा माणूस त्वेरला पोचलाच नाही, स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. त्याच्या वह्या पोचल्या. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास आणि रशियन दिग्दर्शक प्रोनिन यांनी मिळून त्याच्यावर ‘परदेसी’ चित्रपट काढला, त्यात नर्गिस होती, बलराज साहनी होते. रेवदंड्यात शाळेच्या आवारात निकितीनचा स्मारकस्तंभ उभा आहे. घोड्याच्या नफ्यातोट्याचा हिशेब करत आलेल्या माणसाचा स्तंभ शाळेत असावा, हे मला योग्य वाटतं. मुलांना व्यापार शिकवायलाच हवा.

त्याच्यानंतर पोर्तुगीज आले आणि लिहिणाऱ्यांची गर्दी झाली. दुआर्ते बार्बोझानं १५१६च्या आसपास एक मोलाची गोष्ट टिपली: या गावात एरवी वस्ती फारशी नसते, डिसेंबर ते मार्च हे चार महिने सोडले तर. तेव्हा समुद्रातून मलबारची गलबतं सुपारी, नारळ, मसाले, तांबं, पारा घेऊन येतात आणि घाटावरून बैलांचे तांडे गहू, हरभरा, तीळ, मलमल घेऊन उतरतात. मामेभावाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, “आपला सीझन तोच की! डिसेंबर ते मार्च. एप्रिलमध्ये उकडतं म्हणून ओरडतात.” पाचशे वर्षांत गिऱ्हाईक बदललं, मोसम बदलला नाही.

लढायांचं वर्णन मी पानात घालणार नव्हतो आणि इथंही लांबवत नाही. १५०८ साली खाडीच्या मुखाशी इजिप्तच्या आणि दीवच्या आरमारानं पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याला मारलं. बुऱ्हाण निजामशहानं १५२१ साली पोर्तुगिजांना रेवदंड्यात बांधकामाची परवानगी दिली. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहानं त्याच रेवदंड्याला वेढा घातला, तो फसला. १५९४ साली खाडीसमोरचा कोर्लईचा किल्ला पोर्तुगिजांच्या हाती पडला. या सगळ्यात वरचं चौल निजामशाहीचं आणि खालचं चौल, म्हणजे रेवदंडा, फिरंग्यांचं, असं जोडशहर तयार झालं.

त्या जोडशहराचं वर्णन करणारा राल्फ फिच हा तो कैदी. लंडनचा व्यापारी. होर्मुझला पोर्तुगिजांनी हेर म्हणून पकडला आणि गोव्याला पाठवला. त्या वाटेवर, नोव्हेंबर १५८३ मध्ये, त्याला चौल दिसलं. बेड्या होत्या की नाही कोण जाणे, डोळे उघडे होते. दोन गावं आहेत, एक पोर्तुगिजांचं, तटबंदीचं, समुद्राजवळचं, दुसरं मुसलमान राजाचं. मसाले, औषधी, रेशीम, चंदन, हस्तिदंत आणि चिनी कारागिरीच्या वस्तूंची मोठी उलाढाल. आणि मग माडावर तो जो घसरतो! जगातलं सगळ्यात फायद्याचं झाड, असं म्हणतो. माडाचं फळ, साखर, दारू, सुंभ, झावळ्यांचं छप्पर, सगळं एका दमात सांगून टाकतो. गोव्याला तुरुंगात जाणाऱ्या माणसाला माडाचं इतकं कौतुक करायला सुचावं! आमच्या वाडीत पाहुणे येतात ते माडाखाली खुर्ची टाकतात आणि नारळ डोक्यात पडेल का विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण फिच जास्त चांगला पाहुणा होता.

चिनी वस्तूंची गंमत फ्रेंच प्रवासी पिरार द लावाल पुढच्या शतकाच्या सुरुवातीला सांगतो. चौलचे कारागीर चिनी धाटणीच्या पेट्या, संदुका, लिहिण्याची मेजं बनवत, आणि लाखेचं रंगीत काम केलेले पलंग. शिवाय चौलचं रेशीम: गोव्याला आणि साऱ्या हिंदुस्थानाला पुरेल इतकं, आणि चिनी रेशमापेक्षा सरस, हे पिरारचं मत. म्हणजे चीनचा माल विकता विकता चौलकर चिनी धाटणीचा माल स्वतःच करू लागले होते आणि तो जास्त खपत होता. आमच्या वाडीतल्या माडांना आज ज्या दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या आहेत त्या चीनहून येतात, खोक्यावर लिहिलेलंच आहे. उलट दिशेचा हिशेब कधीतरी असा चुकता होतो. लहानपणी आळं खणताना निळ्या नक्षीची पांढरी चिनी खापरं निघत, ती आजी उकिरड्यावर टाकायची. डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांचे सहकारी या शतकाच्या आरंभी चौलात पाहणी आणि उत्खनन करायला आले, तेव्हा अशाच खापरांवर त्यांचं काम उभं राहिलं.

शहर गेलं कसं, याला एक कारण नाही. मुंबई इंग्रजांकडे गेली आणि तिथं धर्मात कुणी ढवळाढवळ करत नाही, वसाहतीला जागा मिळते, अशी हाक उठली. चौलचे विणकर तिकडे सरकले. परक्याला झोप लागेल अशी सोय आता पलीकडच्या किनाऱ्यावर होती. वसई पडल्यावर १७४० साली तहान्वये पोर्तुगिजांनी रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली केलं. तोवर जहाजं इथं थांबायचं जवळजवळ विसरली होती.

मग बघायचं काय, हा मामेभावाचा मूळ प्रश्न. रामेश्वराचं देऊळ, पुढे पुष्करणी आणि दीपमाळ. आत अग्निकुंड, वायुकुंड, पर्जन्यकुंड. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडतात. गुरव भेटला तर त्याच्याशी बोलावं, फोटो नंतर काढावा. शीतलादेवी. भोवाळ्याच्या डोंगरावरचा दत्त, दत्तजयंतीच्या यात्रेला जावं, त्यात आसपासचं सगळं रायगड दिसतं. त्या पलीकडे हिंगळाज आणि तिथली लेणी. वाड्यांमध्ये दडलेला पडका हमामखाना. तिथं पाटी शोधू नये, माणसाला विचारावं. चौलात ३६० देवळं आणि ३६० तळी होती असं इथं कुणीही सांगेल, मोजायला जाऊ नये. रेवदंड्यात रस्ता थेट किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. आत घरं, वाड्या आणि त्यांच्यामध्येच चर्चच्या भिंती आणि ‘सातखणी’ म्हणतात तो बुरूज. सात खणांतले बरेच पडून गेले आहेत. कुणाच्या परसात वाळत घातलेल्या सुपाऱ्या आणि त्यामागे सोळाव्या शतकातली कमान, असं ते दृश्य आहे. ज्यांना हे अव्यवस्थित वाटतं त्यांनी समुद्रावर जावं, तोही तटाला लागूनच आहे.

खरं म्हणजे या गावात बघण्यासारखे आहेत ते परत न गेलेले पाहुणे. साळावचा पूल ओलांडून कोर्लईला गेलं की किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वाड्यात अजून एक बोली कानावर येते. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्याचा सांधा मराठीचा. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ साली पुस्तक लिहिलं. पोर्तुगीज सत्ता १७४० साली गेली. बोली नंतरची पावणेतीनशे वर्षं, कुणाच्याही आश्रयाशिवाय, मासळीच्या टोपल्यांबरोबर अलिबाग-मुरूडच्या मराठीत ये-जा करत टिकली. तिथल्या म्हाताऱ्यांना कोळणीशी मराठीत घासाघीस करताना आणि लगेच वळून घरच्यांना दुसऱ्याच बोलीत भाव सांगताना मी ऐकलंय. कोळणीला तो भाव कळला असणार, असा माझा संशय आहे.

आणि बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचं गलबत फुटलं, ही त्यांची स्वतःची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं आपल्यासारखीच, गावावरून: रेवदंडकर, नागावकर, चेऊलकर. रेवदंड्याचं त्यांचं बेथ एल सिनेगॉग १८४२चं. गेल्या शतकाच्या मध्यानंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली, तिथं ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढू लागली, आणि आता त्यांची मुलं-नातवंडं पाहुणे म्हणून इकडे येतात. त्यांच्याकडे नकाशा नसतो, आडनाव असतं. पणजोबांची विहीर कुठे, घाणा कुठे होता, हे विचारत ते आळीआळीनं फिरतात, आणि म्हातारी माणसं बाहेर येऊन एकमेकांशी वाद घालत त्यांना चुकीच्या, मग बरोबर विहिरीपाशी नेतात. जाताना अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, खडकाचं दर्शन घेतात.

असंच एक कुटुंब मागच्या थंडीत मामेभावाकडे उतरलं. आजीबाई ऐंशीच्या पुढच्या, मराठी अलिबागची, मध्येच एखादा हिब्रू शब्द. मामीनं त्यांच्यासाठी मुद्दाम विचारून विचारून मलिदा केला होता: पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर केळ्याचे काप. आजीबाईंनी एक घास घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “अगं, पोहे भिजवलेस किती! आणि गुळाला हात आखडता का? रेवदंड्यात असा करत नाहीत.” मामी त्या गावात साठ वर्षं राहते. ती आत गेली आणि गुळाची ढेप घेऊन बाहेर आली.